द्राक्षापासून ताडापर्यंत

नाशकात राहणाऱ्या माणसाकडे पूर्वी दोनच प्रकारचे पाहुणे येत. एक, ज्यांचं रामकुंडावर काही काम असे. ते काम उरकून, फारसं न बोलता, परतीच्या एसटीला लागत. दुसरे शिर्डीला जाताना ‘फक्त चहापुरते’ टेकणारे. त्यांचा चहा रात्रीच्या जेवणापर्यंत चाले. दोन्ही प्रकार सांभाळायला सोपे होते. पंचवटी दाखवायची, काळारामाला न्यायचं, मिसळ खाऊ घालायची, निघताना चिवड्याची पिशवी हातात द्यायची, की यजमान मोकळा. मग 1997 साली राजीव सामंत नावाच्या गृहस्थांनी गंगापूर धरणाच्या बाजूला वाइनची द्राक्षं लावली, 2000 साली त्यांची पहिली वाइन बाजारात आली आणि नाशिककरांच्या नशिबी तिसरा पाहुणा आला. सामंतांनी कंपनीला आईचं नाव दिलं, सुलभाचं ‘सुला’. त्यामुळे घरोघरची वडीलधारी मंडळीही फार बोलू शकली नाहीत.

हा तिसरा पाहुणा काळारामाची चौकशी करत नाही. तो बॅग ठेवतो, पंख्याखाली बसतो आणि विचारतो, “मग? वायनरी कधी?”

आमचा मेहुणा याच जातीचा. पुण्यात संगणकाच्या कंपनीत आहे आणि मधे काही काळ कॅलिफोर्नियात राहून आलेला आहे. अशी माणसं परत येतात, पण पूर्ण येत नाहीत. यंदा फाल्गुनात तो आला तो एक कल्पना घेऊनच. “दाजी, तिकडे आम्ही सोनोमात सकाळी वायनरी करायचो आणि दुपारी पॅसिफिकच्या काठावर मासे खायचो. एका दिवसात! आपल्याकडे का नाही करत कोणी?”

खरं आहे त्याचं. सोनोमा परगण्यातल्या सँटा रोझा शहरातून निघालं, की तासाभराच्या आत माणूस बोडेगा बे नावाच्या कोळ्यांच्या गावात पोचतो. हिचकॉकच्या ‘द बर्ड्स’मध्ये, 1963 साली, पक्ष्यांनी माणसांना टोचून टोचून हैराण केलं ते याच गावात. वाटेत काय, तर बुटक्या टेकड्या आणि चरणाऱ्या गाई. आमच्याकडे द्राक्ष आणि समुद्र यांच्या मधे सह्याद्री उभा आहे. पण हे मेहुण्याला सांगण्यात अर्थ नव्हता, कारण तोवर त्याने फोनवर नकाशा उघडला होता आणि नकाशात सह्याद्री सपाट असतो.

नकाशाने मात्र एक गोष्ट दाखवली, जी इतकी वर्षं नाशकात काढूनही माझ्या लक्षात आली नव्हती. नाशिक आणि डहाणू जवळजवळ एकाच अक्षांशावर आहेत. गंगापूर रोडवरून नाकासमोर पश्चिमेला चालत सुटलं, तर शे-सव्वाशे किलोमीटरवर पाय ओले होतात. म्हणजे आम्हाला समुद्र जवळचा आहे. आम्ही उगाच मुंबईला वळसा घालून त्याला भेटायला जातो.

झालं. घरात बैठक बसली. बैठकीला मी, बायको, मेहुणा, बंगळूरहून सुट्टीवर आलेला पुतण्या आणि पंचवटीतून खास बोलावलेली आत्या. आत्याचं वय मी लिहीत नाही, तीही सांगत नाही. तिला बोलावण्याचं कारण असं, की तिचे यजमान पूर्वी बोर्डीला शाळेत मास्तर होते आणि लग्नानंतरची पहिली काही वर्षं तिने त्या समुद्रावर काढली होती. म्हणजे आमच्यापैकी प्रवासाचं दुसरं टोक पाहिलेली ती एकटीच.

निसर्गरम्य मार्ग कोणता, हा पहिला प्रश्न. इथे समजलं, की निसर्गाबद्दल एका घरात पाच मतं असू शकतात.

बायकोला गाडी लागते. त्यामुळे तिच्या मते निसर्गरम्य रस्ता म्हणजे ज्यावर वळण नाही तो. तिने समृद्धी महामार्ग सुचवला. 2025 च्या जूनमध्ये त्याचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा तुकडा उघडला. आता इगतपुरीपाशी जवळजवळ आठ किलोमीटरच्या बोगद्यात शिरायचं आणि कसारा घाट डोक्यावर ठेवून खालून निघून जायचं. “डोंगर बघायचा कशाला? डोंगराच्या पोटातून जाऊ,” ती म्हणाली. मेहुण्याने विचारलं, “ताई, बोगद्यात बघायचं काय?” त्यावर ती म्हणाली, “डोळे मिटून घ्यायचे. तसेही घाटात मी मिटूनच घेते.” या युक्तिवादाला उत्तर नव्हतं. पण समृद्धीने गेलं की समुद्राआधी भिवंडीची गोदामं लागतात, एवढ्या मुद्द्यावर तो मार्ग बारगळला.

पुतण्याने पेठचा रस्ता काढला. नाशिकहून पेठ, पुढे कपराडा, वापी आणि तिथून टेकूनच दमण. जंगल आहे, घाट आहे, आणि दमण म्हणजे केंद्रशासित प्रदेश, तिथे सगळं खुलं. मेहुण्याचे डोळे चमकले. पण गोम मधल्या भागात होती. पेठ ओलांडलं की गुजरात सुरू होतो, आणि गुजरात 1960 पासून, म्हणजे जन्मापासूनच, कोरडा आहे. आमच्या योजनेचा गाभाच असा, की नाशकातून चार बाटल्या घ्यायच्या आणि समुद्रावर बसून उघडायच्या. त्या डिकीत घालून गांधीजींच्या राज्यातून जायचं, म्हणजे निसर्ग बघायचा सोडून प्रत्येक नाक्यावर खाकी कपडे बघत बसायचं. “गोधडीत गुंडाळू,” मेहुणा म्हणाला. आत्याने त्याच्याकडे असं पाहिलं, की त्याने विषय बदलला.

उरला माझा रस्ता. त्र्यंबक, तोरंगण घाट, मोखाडा, जव्हार, कासा, चारोटी, डहाणू. साधारण दीडशे किलोमीटर. बायकोने वळणांची चौकशी केली, मी “थोडी आहेत” असं सांगितलं. आत्याने तत्काळ पाठिंबा दिला, कारण वाटेत त्र्यंबकेश्वर होतं. एका ज्योतिर्लिंगाच्या मताला आमच्या घरात पाच मतांचं वजन आहे.

मग प्रश्न आला, गाडी कोण चालवणार. बैठकीत शांतता पसरली. मेहुण्याला पुण्याबाहेर गाडी चालवायची सवय नाही, पुतण्याकडे शिकाऊ परवाना आहे, आणि बायको घाटात डोळे मिटते हे वर आलंच आहे. सगळे माझ्याकडे बघू लागले. तेव्हा लक्षात आलं, की वाइनपासून समुद्रापर्यंतच्या प्रत्येक सहलीत एक माणूस असा असतो, ज्याच्या वाट्याला वाइन येतच नाही आणि समुद्र येतो तोही आरशातून. मोटार वाहन कायद्याप्रमाणे शंभर मिलिलिटर रक्तात तीस मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल सापडलं, तर पहिल्याच खेपेला दहा हजारांचा दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. मेहुणा लगेच फोनवर गणित करायला लागला, की माझ्या वजनाला किती घोट चालतील. मी सांगितलं, शून्य. तो म्हणाला, “दाजी, अहो, वाइन म्हणजे काही दारू नाही.”

हे वाक्य महाराष्ट्रात जपून बोलावं. 2022 च्या जानेवारीत राज्य मंत्रिमंडळाने किराणा मॉलमध्ये वाइन विकायला परवानगी द्यायचं ठरवलं, तेव्हा या एका मुद्द्यावर आख्खा महाराष्ट्र दोन तट करून भांडला. एका बाजूला द्राक्ष उत्पादक शेतकऱ्याचं हित, दुसऱ्या बाजूला तुमच्या-आमच्या घरातल्या पोरांचं भवितव्य. आत्या दुसऱ्या तटावर होती आणि अजूनही आहे. “नाही ना दारू? मग वायनरीच्या दारात पाट्या कसल्या लावल्यात एकवीस वर्षांच्या?” तिने विचारलं. मेहुणा पुन्हा नकाशात शिरला.

यानंतर पुतण्याने तक्ता केला. हल्लीची मुलं लग्नाचाही तक्ता करतात, मग सहलीचा का नाही. रंगीत रकाने, प्रत्येक थांब्याला मिनिटं, शेवटी एक रकाना ‘अनपेक्षित’ नावाचा, त्याला वीस मिनिटं. अनपेक्षित गोष्टींना आधीच वेळ नेमून देणारा माणूस आयुष्यात पुढे जाणार, याबद्दल मला शंका नाही. पण तक्त्याच्या पहिल्याच ओळीत घोटाळा होता. वायनरीची टेस्टिंग रूम साधारण अकराच्या आत उघडत नाही. अकरा ते पावणेबारा वाइन, साडेबारा ते एक त्र्यंबकेश्वर.

आत्याने तक्ता चष्मा लावून वाचला. “पिऊन देवाच्या दारात जायचं?”

“आजी, नुसती चव घ्यायची असते. तोंडात फिरवायची आणि थुंकायची.”

“मग देवळात जायच्या आधी तोंडात दारू फिरवून थुंकायचं?”

अशा तऱ्हेने तक्त्याची फाळणी झाली. वायनरी आदल्या संध्याकाळी, प्रवास दुसऱ्या दिवशी सकाळी. मला हा निर्णय इतका पटला, की मी तो माझाच म्हणून पुढे सगळ्यांना सांगतो. सकाळी अकराला वाइन पिऊन घाट उतरायला निघणं, ही कल्पना ज्याच्या डोक्यातून आली त्याने घाट पाहिलेला नसतो किंवा वाइन तरी.

वायनरीत आत्या ‘बाग बघायला’ म्हणून आली. आत एक तरणाबांड मुलगा सगळ्यांच्या हातात पेले देऊन ते कसे फिरवायचे, नाक कसं खुपसायचं ते शिकवत होता. या वाइनमध्ये तुम्हाला पेरू लागेल, त्या वाइनमध्ये काळी मिरी, आणि ही जी शिराझ आहे तिच्यात जरासा धूर. मेहुण्याला प्रत्येक पेल्यात प्रत्येक गोष्ट लागली. बायकोला सगळीकडे द्राक्षं लागली आणि ती गप्प बसली, कारण बाकी कोणालाच द्राक्षं लागत नव्हती. मी पाणी पीत होतो. त्याला पाण्याचाच वास होता.

आत्या मात्र बाहेर वेलींमध्ये तिथल्या एका काम करणाऱ्या बाईंना गाठून उभी होती. तिने एक मणी तोडून तोंडात टाकला आणि तिचा चेहरा आंबला. “एवढासा मणी, जाड साल, त्यात बिया. बाजारात कोण घेणार गं हे?” त्या बाईंनी समजावलं, की ही खायची द्राक्षं नाहीत. थॉमसन आणि सोनाका वेगळे, हे वेगळं. वाइनला बारीक मणीच लागतो, सालीत रंग असतो. मग दोघी छाटणीवर आल्या. एप्रिलमधली खरड छाटणी, तेव्हा वेल पार बोडका करायचा, पावसाळाभर नुसती काडी तयार होऊ द्यायची, मग दसऱ्याच्या आगेमागे गोडी छाटणी, आणि तिथून जानेवारी ते मार्च काढणी. युरोपात वेल हिवाळ्यात झोपतो, आमच्याकडे त्याला झोप नाही, म्हणून वर्षातून दोनदा कात्री. आत टेस्टिंगला पैसे देऊन आम्हाला जे कळलं नाही, ते आत्याला बाहेर फुकट कळलं. परत येताना ती म्हणाली, “कष्टाची गोष्ट आहे हो. पिणाऱ्यांना काय कळणार.” आणि चार बाटल्यांपैकी एक स्वतःच्या मांडीवर धरून बसली, फुटायला नको म्हणून.

पण हे नंतरचं. बैठकीत अजून समुद्राचं राहिलं होतं. मेहुण्याचा आग्रह पौर्णिमेचा. सूर्य इकडे बुडतोय, चंद्र तिकडून उगवतोय, मधे आपण. पुतण्यानेही हवामान बघून हिरवा रकाना भरला. आत्याने विचारलं, “भरतीचं बघितलंत का?”

कोणी बघितलं नव्हतं. तक्त्यात भरतीला रकानाच नव्हता.

“तिथी घ्यायची, पाऊणपट करायची. तेवढ्या वाजता भरती. शुद्ध असो की वद्य. बोर्डीला शेजारच्या मांगेलणींनी शिकवलं मला.” मग तिने बोटांवर करून दाखवलं. पौर्णिमा पंधरावी, तिची पाऊणपट सव्वा अकरा. म्हणजे भरती अकरा-साडेअकराला, आणि तिथून सहा तासांनी, नेमकी सूर्यास्ताच्या सुमारास, ओहोटी. बोर्डीचा किनारा उथळ. ओहोटीला पाणी इतकं मागे जातं, की समुद्र आहे यावर विश्वास ठेवावा लागतो. “चिखल बघायला दीडशे किलोमीटर जायचं असेल तर जा पौर्णिमेला. अष्टमीला चला. आठाची पाऊणपट सहा. भांगाची भरती असते, उधाण नाही, पण पाणी पायाशी येतं.”

पुतण्याने फोनवर भरतीचं कोष्टक शोधलं आणि पडताळून बघितलं. बराच वेळ तो काही बोलला नाही. नंतर तक्त्यात एक नवा रकाना दिसला, ‘आजी’. अष्टमी आठवड्याच्या मधेच आली. मेहुण्याने ऑफिसला कळवलं, की तो घरून काम करणार आहे. घर कुठे, हे त्यांनी विचारलं नाही.

योजना पक्की झाली असं वाटत असताना आत्याने शेवटचा दगड टाकला. “बोर्डीपासून उंबरगाव दोन पावलांवर. तिथे रामायण बघायचं.” झालं होतं असं, की रामानंद सागरांच्या ‘रामायणा’चं चित्रीकरण उंबरगावच्या स्टुडिओत झालं होतं. 1987 च्या जानेवारीपासून रविवारी सकाळी ज्या पंचवटीपुढे आख्ख्या देशाने हात जोडले, ती पंचवटी उंबरगावची. खऱ्या पंचवटीत जन्म काढलेल्या आत्याला ते बरीच वर्षं सलत होतं. आमची खरीखुरी सीतागुंफा इथे असताना टीव्हीवाल्यांनी समुद्रकाठी पर्णकुटी बांधावी! जाऊन एकदा जागा बघायची आणि नाक मुरडून परत यायचं, एवढाच तिचा हेतू. पण उंबरगाव गुजरातेत. झाई गाव संपलं की सीमा. डिकीत चार बाटल्या. म्हणजे रामराज्याला जायचं तर वाइन सोडायची, वाइन ठेवायची तर राम सोडायचा. मेहुण्याने सुचवलं, की तो बाटल्या घेऊन बोर्डीच्या सुरूच्या बनात बसेल, आम्ही खुशाल जाऊन यावं. इतका त्याग त्याने आयुष्यात कधी केला नव्हता. आत्या म्हणाली, “नको. तू एकटा चार बाटल्यांबरोबर नको.” रामायण रद्द झालं.

सकाळी सातला निघायचं ठरलं आणि आम्ही पावणेआठला निघालो, म्हणजे मराठी वेळेप्रमाणे लवकरच. 2027 च्या सिंहस्थाच्या तयारीत त्र्यंबकचा रस्ता जिथे तिथे खणलेला. अंजनेरी धुळीतून दिसला. त्र्यंबकला रांग बघून आत्याने स्वतःच तोडगा काढला: कळसाचं दर्शन. नानासाहेब पेशव्यांनी बांधायला घेतलेलं हे देऊळ उभं राहायला अठराव्या शतकातली तीसेक वर्षं लागली. आम्ही ते गाडीच्या खिडकीतून चार मिनिटांत पाहिलं. तक्त्यापेक्षा सव्वीस मिनिटं कमी. पुतण्या हर्षभरित.

हा हर्ष तोरंगण घाटापर्यंत टिकला. घाट सुरू होतो तिथे देश संपतो आणि कोकण सुरू होतं, पण पाटी कुठेही नाही. एका वळणाला हवा कोरडी असते, चार वळणांनी ती अंगाला चिकटायला लागते. फाल्गुनात हा डोंगर हिरवा नसतो. हिरवा हवा असेल तर श्रावणात यावं, पण तेव्हा वेलीला द्राक्ष नसतं आणि समुद्रात उतरायची सोय नसते. द्राक्ष, घाट आणि समुद्र तिघंही एकाच वेळी सजून बसतील असा महिना पंचांगात नाही. आम्हाला मिळाला तो पिवळ्या गवताचा डोंगर, त्यात पानं झाडून टाकलेले पळस, नुसते केशरी, आणि काटेसावरीची लाल, जाड फुलं. मी गाडी थांबवली. बायकोने एक डोळा उघडला आणि मग दुसराही. “हे आधी का नाही सांगितलंत?” असं मला म्हणाली. बोगद्याचा विषय त्यानंतर निघाला नाही.

मोखाड्याच्या अलीकडे पहिला दोर लागला. होळी आठवड्यावर आलेली. रस्त्याच्या दोन बाजूंना चार-चार पोरं, मधे आडवा दोर, आणि शिमग्याचं पोस्त. दहा रुपये दिले, दोर खाली. पुढच्या वळणावर दुसरा दोर. तिथली पोरं जरा मोठी, दर वीस रुपये. तिसऱ्या दोराला मेहुण्याने फोन पुढे करून विचारलं, “स्कॅनर आहे का?” पोरं इतकी हसली, की दोर आपोआप सुटला. समृद्धीवर फास्टॅगमधून पैसे जातात तेव्हा कोणी हसत नाही. मोखाड्यापर्यंत ‘अनपेक्षित’ची वीस मिनिटं आणि गाडीतली सगळी सुटी नाणी संपली.

जव्हारला आम्ही तक्त्यात चाळीस मिनिटं दिली होती. तिथे दोन तास गेले आणि ते कमी पडले. जव्हार हे महादेव कोळ्यांचं संस्थान, मुकणे घराण्याचं. गावाबाहेर झाडीत त्यांचा जयविलास राजवाडा आहे, गुलाबी दगडाचा. जवळ शिरपामाळ. 1664 साली सुरतेला जाताना शिवाजी महाराज तिथे थांबले होते, असं गाव सांगतं. सुरतेला निघालेल्या माणसाने हाच रस्ता निवडला, हे मी मेहुण्याला मुद्दाम ऐकवलं. त्यांनाही नाशिक आणि समुद्र यांच्या मधला डोंगर टाळता आला असता, पण टाळला नाही.

जव्हारपासून उतरताना दोन्ही बाजूंना मोह. फुलं पडायला अजून अवकाश होता. चहाच्या टपरीवर मेहुण्याने मोहाच्या दारूची चौकशी केली, तर टपरीवाल्याने आजूबाजूला बघून आवाज खाली घेतला आणि शेवटी काहीच सांगितलं नाही. मला हे खटकतं. द्राक्षाच्या वाइनला 2001 सालापासून सरकारी धोरण आहे, करात सवलत आहे, उंच पेला आहे आणि धुराचा वास ओळखून दाखवणारा मुलगा आहे. मोहाच्या फुलावर इथल्या लोकांचे उन्हाळे निघाले, तर त्याच्या दारूच्या नशिबी छापा. वाइन दारू आहे की नाही यावर भांडणाऱ्या दोन्ही तटांना मोह आठवला नाही.

कासा, चारोटी. चारोटीला अहमदाबाद महामार्ग आडवा येतो आणि क्षणभर वाटतं, सहल संपली आणि नोकरी सुरू झाली. ट्रकच ट्रक. पण पलीकडे गेलं, की पुन्हा सावली. गंजाडच्या बाजूला वारली वस्त्या. जिव्या सोमा म्हशे याच भागातले. गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने काढायची चित्रं त्यांनी कागदावर आणली आणि जगभर नेली. 2011 साली त्यांना पद्मश्री मिळाली. मग डहाणू, आणि डहाणूपासून नरपड, चिखले, घोलवड करत बोर्डीपर्यंत चिकूच्या वाड्या. इराणी मंडळींनी लावलेल्या, अजून डोलणाऱ्या. घोलवडच्या चिकूला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालं. 1991 पासून हा तालुका पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर आहे, म्हणून कारखान्यांऐवजी झाडं उरली. आता वाढवणला मोठं बंदर येतंय. ऑगस्ट 2024 मध्ये भूमिपूजन झालं, कोळ्यांचा विरोध आहे. त्यावर गाडीत बरंच बोलणं झालं, आत्या सोडून सगळे बोलले.

बोर्डीत शिरताना मेहुण्याला पाटी दिसली आणि तो ओरडला. इथे चिकूपासून वाइन करतात! दीडशे किलोमीटर आम्ही वाइन घेऊन वाइनच्या गावाला आलो होतो.

आत्या मात्र वेगळंच काही शोधत होती. एका ताडाखाली तिने गाडी थांबवायला लावली. मडकं घेऊन एक म्हातारे गृहस्थ बसले होते. तिने त्यांना मास्तरांचं नाव सांगितलं, त्यांनी डोक्याला हात लावला, दोघांचं खूप बोलणं झालं. मग तिने पेला तोंडाला लावला. दुपारचे चार वाजले होते.

“आत्या,” मी म्हणालो, “ताडी?”

“नीरा आहे. आम्ही नीराच घ्यायचो.”

नीरा पहाटे उतरवतात आणि उन्हं चढायच्या आत संपवतात. चार वाजता त्या मडक्यात जे असतं, त्याला महाराष्ट्रात वेगळा परवाना लागतो. म्हाताऱ्यांनी माझ्याकडे बघून डोळे मिचकावले. मेहुण्याने दुसरा पेला मागितला. मला कोणी विचारलं नाही, कारण गाडी मी चालवत होतो.

सहाला पाणी खरंच पायाशी आलं. तिथीची पाऊणपट चुकली नाही. सूर्य बुडायला साडेसहा-पावणेसात झाले, तोवर चारांपैकी दोन बाटल्या उघडल्या होत्या, पेल्यांऐवजी स्टीलच्या वाट्यांतून. मेहुणा म्हणाला, पॅसिफिकपेक्षा हे बरं आहे. आत्याने वाइनचा वास घेतला, वाटी परत केली आणि म्हणाली, “हिला काही चव नाही. त्या बाईंना सांगते, छाटणीत कमी पडतंय.”

तुम्हाला जायचं असेल तर माझं ऐका. वायनरी आदल्या संध्याकाळी उरका. निघताना पंचांगात अष्टमी-नवमी बघा, फोनमध्ये पाऊस बघा. होळीच्या दिवसांत दहा-दहाच्या नोटा भरपूर घ्या. जव्हारला दोन तास द्या, तीनही चालतील. बाटली बरोबर असेल तर झाईच्या पुढे चाक टाकू नका. आणि गाडी चालवायला घरातला माणूस नेऊ नका, भाड्याने चालक ठरवा. मी पुढच्या वेळी तेच करणार आहे.